पाचशेच्या नोटेत पुणं

लोणंदहून पुण्याला आपण सगळेच जातो. ॲडमिशनला जातो, परीक्षेचं सेंटर तिकडं आलं म्हणून जातो, लग्नाचा बस्ता बांधायला जातो, कुणाला दवाखान्यात बघायला जातो. काम झालं की लक्ष्मी रोड नाहीतर एफसी रोडला एक चक्कर, एक टी-शर्ट, एक पिझ्झा, पन्नास सेल्फी आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. घरी आल्यावर कुणी विचारलं, ‘‘काय काय बघितलं?’’ तर सांगायला काय असतं? ट्रॅफिक.

आणि वर आपणच म्हणतो, पुणं लई महाग!

थोडा हिशोब करून बघा. पैसे कशात गेले? रिक्षात, खाण्यात आणि खरेदीत. शहर बघण्यात एक रुपयाही गेलेला नसतो, कारण शहर बघितलेलंच नसतं. गंमत म्हणजे पुण्यात जे खरोखर बघण्यासारखं आहे, ते बरंचसं फुकट आहे किंवा एका कोल्ड कॉफीपेक्षा स्वस्त आहे. दुकानांच्या पाट्या मोठ्या असतात, वाड्यांच्या छोट्या, एवढाच काय तो फरक.

मास कॉमला असताना एका असाइनमेंटच्या निमित्तानं मी हा सगळा रूट पायी केला. तोच तुमच्यासाठी मांडतोय. नियम तीनच. खिशात पाचशेची एक नोट, पाठीवर डबा-पाण्याची सॅक आणि पायात चालायचे बूट. एका दिवसात जाऊन यायचं आणि दिवेलागणीला परतीच्या वाटेला लागायचं, म्हणजे ‘इतका उशीर कशाला?’ हा प्रश्न ज्यांना घरी हमखास विचारला जातो, त्यांनाही येता येईल.

पालखीच्या वाटेनं, उलट्या दिशेनं

लोणंदकरांची सगळ्यात मोठी सोय म्हणजे आपलं रेल्वे स्टेशन. पुणे-मिरज मार्गावर आपण आहोत, त्यामुळे पॅसेंजरनं दोन-तीन वडापावच्या किमतीत पुणं गाठता येतं. वेळापत्रक अधूनमधून बदलतं, म्हणून आदल्या रात्री गाडीची वेळ मोबाइलवर तपासा. एसटीनं यायचं असेल तर मुलींना अर्धं तिकीट आहेच; मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या एसटी बसमध्ये ५० टक्के सवलत आहे. तरीही जाताना रेल्वेनंच जा, कारण ही सफर गाडीतच सुरू होते.

नीरा, वाल्हे, जेजुरी... ही स्टेशनं ओळखीची वाटतात ना? माउलींची पालखी पुण्याहून निघून आपल्याकडं येते ती याच गावांतून. आपण त्या वाटेनं उलटे निघालेलो असतो. पुण्यात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात असतो आणि तीच पालखी पुढं आपल्या गावात विसावते. म्हणजे पुणं आणि लोणंद शेकडो वर्षांच्या पायवाटेनं जोडलेली आहेत. आणि बजेट ट्रॅव्हल म्हणाल, तर वारकऱ्यांपेक्षा मोठा गुरू कोण? पाठीवर पडशी, पायात बळ, सोबतीला दिंडी. खर्च जवळपास शून्य.

पहिला टप्पा : जंगली महाराज रस्ता

पुणे स्टेशनला उतरलात की रिक्षावाल्यांच्या गराड्यातून शांतपणे बाहेर पडा आणि मेट्रो पकडा. तिकीट १० रुपयांपासून सुरू होतं. वनाजकडं जाणाऱ्या मेट्रोत बसायचं आणि छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरायचं. मध्ये गाडी बदलायची भानगड नाही. उतरल्यावर मान वर करून स्टेशन बघा. मावळ्याच्या पगडीसारखा त्याचा आकार आहे. खाली मुठा नदी आहे. नदीच्या अवस्थेवर मात्र वेगळा लेख लिहावा लागेल.

इथून जवळच बालगंधर्व रंगमंदिर आहे. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याशी त्यांचं नातं. त्यांच्या नावाचं हे नाट्यगृह सुरू झालं २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. पण ते बघायला ते स्वतः नव्हते. आदल्याच वर्षी, जुलै १९६७ मध्ये ते गेले होते. नाटकाचं तिकीट आपल्या बजेटमध्ये बसेलच असं नाही, पण आवारातलं कलादालन बघायला पैसे लागत नाहीत. चित्रं, फोटो, शिल्पं, काही ना काही प्रदर्शन तिथं बहुतेक वेळा असतंच. अनेकदा चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसलेला असतो. लाजू नका, सरळ विचारा, ‘‘हे चित्र असं का काढलं?’’ चित्र विकत न घेणाऱ्यालाही तो मनापासून सांगतो. उलट कुणीतरी विचारलं याचाच त्याला आनंद होतो.

तिथून त्याच रस्त्यानं पुढं चालत गेलात की पाताळेश्वर. बाहेर ब्रँडेड शोरूम आणि आत, रस्त्याच्या पातळीच्या खाली, आठव्या शतकातली राष्ट्रकूटांच्या काळातली लेणी! अख्खं मंदिर एका बेसॉल्ट खडकात कोरलेलं. समोरचा गोल नंदीमंडपही त्याच खडकातला. लेण्याचं काम अर्धवट राहिलेलं आहे. कुठं छिन्नी थांबली ते नीट बघितलं तर दिसतं. प्रवेश फुकट आणि सावली थंडगार. दहा मिनिटं नुसतं बसा. बाराशे वर्षांचा दगड आणि बाहेरून ऐकू येणारे हॉर्न, हे कॉम्बिनेशन कुठल्याही मॉलमध्ये मिळणार नाही.

दुसरा टप्पा : नदी ओलांडून पेठांत

पाताळेश्वरापासून शिवाजी पूल चालत ओलांडला की शनिवारवाडा. इथं २५ रुपयांचं तिकीट आहे, ऑनलाइन काढलं तर थोडं कमी. जागतिक वारसा दिनाला, म्हणजे १८ एप्रिलला, पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत साधारणपणे मोफत प्रवेश असतो. तारीख लक्षात ठेवा.

‘आत काय आहे? नुसती जोती!’ असं अनेक जण म्हणतात. खरं आहे. १७३२ साली वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. उरले दरवाजे, तटबंदी, नगारखाना आणि जोती. पण इथं बघायला नाही, आठवायला यायचं असतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच वाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. ‘काका मला वाचवा’ ही गोष्ट तर शाळेतलं पोरही सांगतं. त्याच्या पुढची गोष्ट साताऱ्याच्या माणसानं विसरता कामा नये. या खुनाबद्दल खुद्द राघोबादादाला दोषी ठरवणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे आपल्या क्षेत्र माहुलीचे. समोर सत्तेवर बसलेला माणूस होता. रामशास्त्र्यांनी निवाडा दिला, पद सोडलं आणि पुणंही सोडलं. दिल्ली दरवाज्याच्या अणकुचीदार खिळ्यांचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही जरा थांबून विचार करा, की असल्या दरवाज्याच्या आत उभं राहून ‘तुम्ही गुन्हेगार आहात’ म्हणायला काय लागत असेल?

शनिवारवाड्यातून निघालात की शिवाजी रस्त्यानं दगडूशेठ गणपतीकडं या. इथं एक प्रयोग करा. रस्त्यावरून जाणारे लोक बघा. सगळ्यांच्या माना गणपतीकडं वळलेल्या असतात, हात जोडलेले असतात. छानच आहे ते. पण आता तुम्ही पाठ वळवून समोरच्या बाजूला बघा. तिथं भिडे वाडा होता. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली ती इथं. मोडकळीला आलेला जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथं राष्ट्रीय स्मारक करायचं ठरलं आहे. कॉलेजला जाणाऱ्या मुलींनो, तुमच्या हजेरीपटाचं पहिलं पान या जागेवर लिहिलं गेलं.

आणि ते लिहिणारी बाई कुठली? नायगावची. नायगाव कुठल्या तालुक्यात? खंडाळा. आपल्या तालुक्यात! ३ जानेवारी १८३१ चा जन्म, १८४० साली लग्न, वय वर्षं नऊ. त्या काळात ना रेल्वे, ना एसटी, ना ‘पोचल्यावर फोन कर’ म्हणायची सोय. ती मुलगी पुण्यात आली, नवऱ्याकडून लिहा-वाचायला शिकली आणि लोकांनी अंगावर शेण-चिखल फेकला तरी शिकवायला जात राहिली. ‘आम्ही खेडेगावातले, पुण्यात आम्हाला कोण विचारतं?’ असं म्हणण्याआधी तिची आठवण काढा.

मध्यंतर : मंडईत डबा

आता भूक लागली असेल. चालत मंडईत या. वाटेत तुळशीबाग लागेल. आत शिरायचं तर शिरा, पण मैत्रिणींनो, पाकीट सॅकच्या तळाशी ठेवून! जवळच बाजीराव रस्त्यावर विश्रामबाग वाडा आहे. १८०७ च्या सुमाराचा, दुसऱ्या बाजीरावाचा. दर्शनी भागातलं लाकडी कोरीवकाम समोरच्या फुटपाथवरून निवांत बघता येतं.

मंडईची दगडी इमारत १८८६ ची. सुरुवातीला तिचं नाव होतं रे मार्केट, इंग्रज गव्हर्नरच्या नावावरून. आज ती महात्मा फुले मंडई आहे. किस्सा असा, की नगरपालिकेचे सभासद असताना जोतीरावांनी या इमारतीवर एवढा पैसा घालायला विरोध केला होता. तोच पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचं ऐकलं गेलं नाही, इमारत उभी राहिली आणि पुढं नाव मात्र त्यांचंच लागलं. इतिहास कधीकधी असा टोमणा मारतो.

कांद्याच्या गावचे आपण. मंडईत कांद्याचा भाव विचारल्याशिवाय पुढं जाऊच नका. लोणंदच्या लिलावात काय भाव निघाला आणि इथं गाळ्यावर किलोला काय सांगतात, ही दोन आकड्यांमधली तफावत म्हणजे अर्थशास्त्राचं एक अख्खं लेक्चर आहे, तेही फुकट. कॉमर्सवाल्यांनी वही काढून लिहून घ्यावं.

जेवणाचं म्हणाल तर घरून भाकरी-चटणी आणली असेल तर सावली बघून सोडा. नसेल तर आसपास मिसळ, भजी, पोहे सगळं मिळतं. चौघं असाल तर दोन मिसळ आणि जादा पाव, हा आपला जुना फॉर्म्युला इथंही चालतो. वर अमृततुल्यमधला चहा.

इथं एक ऐच्छिक खर्च आहे. मंडईपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. त्याचं तिकीट शनिवारवाड्यापेक्षा बरंच जास्त आहे, त्यामुळे विद्यार्थ्यांसाठी काही सवलत आहे का ते खिडकीवर विचारा. पण एकदा तरी बघाच. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्यांचा व्यवसाय असलेले गृहस्थ, ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता करायचे. लहानपणीच गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत त्यांनी हा संग्रह उभा केला. गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, वज्री, दारं, वाद्यं गोळा केली. जवळपास वीस हजार वस्तू जमवल्या आणि सगळ्या सरकारला देऊन टाकल्या. तिथली भांडी बघताना जाणवेल, की अशातलं काहीतरी आपल्या आजीच्या माळ्यावर अजून पडलेलं आहे. भंगारवाल्याला द्यायच्या आत ते एकदा नीट बघून घ्या.

तिसरा टप्पा : गंज पेठेतलं घर

आता जिथं जायचंय, त्याच्यासाठीच खरं तर हा सगळा रूट आखला आहे. मंडईपासून गंज पेठेत चालत जा. ‘फुले वाडा कुठंय?’ म्हटलं की कुणीही रस्ता दाखवतं. तिकीट नाही. गर्दीही नसते, एखाद्या शाळेची सहल आली असेल तर तेवढीच.

हे जोतीराव आणि सावित्रीबाईंचं घर. शनिवारवाड्यासारखी तटबंदी नाही, भलामोठा दरवाजा नाही. कमी उंचीच्या दारातून वाकून आत जावं लागतं. जोतीरावांचं मूळ घराणं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. म्हणजे सासर-माहेर, दोन्ही सातारा जिल्ह्यातली. आडनाव गोऱ्हे, पण फुलांचा व्यवसाय केला म्हणून लोक फुले म्हणू लागले. आवारात विहीर आहे, तुळशी वृंदावन आहे आणि जोतीरावांची समाधीही इथंच आहे. या घरचं पाणी १८६८ साली त्यांनी अस्पृश्य मानलेल्या माणसांसाठी खुलं केलं. आज आपण कुठल्याही नळाला, कुठल्याही बाटलीला तोंड लावतो. त्या काळी एक तांब्या पाण्यासाठी केवढं धाडस लागायचं, ते त्या विहिरीजवळ उभं राहिल्यावर थोडं कळतं.

सावित्रीबाई १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना गेल्या. नायगावात त्यांचं जन्मघर आहे, इथं संसाराचं घर आहे. दोन्ही बघितलेली किती मुलं-मुली आपल्या कॉलेजमध्ये असतील? हात वर करा बरं! नायगाव तर सायकलवरही होईल. एका रविवारी नायगाव आणि पुढच्या रविवारी गंज पेठ, असंही जमवता येईल.

शेवटचा टप्पा : पर्वतीवरून

फुले वाड्यापासून सारसबागेकडं निघा. तिथल्या चौकात लोकशाहीर अण्णाभाऊ साठेंचा पुतळा आहे. अण्णाभाऊ सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे. त्यांनी लहानपणी गावाकडून मुंबई गाठली ती चालत. आपल्या सात-आठ किलोमीटरची तक्रार करायची नाही, कळलं?

मग पर्वती. पायऱ्या १०३, पण रुंद आणि दमवणाऱ्या. वरचं देवदेवेश्वराचं मंदिर नानासाहेब पेशव्यांनी बांधलं. पानिपतनंतर त्याच १७६१ साली त्यांनी इथंच प्राण सोडला. ऊन उतरताना वर पोचलात तर सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं. सकाळपासून जिथं जिथं गेलो ते शोधा. नदी कुठं, पेठा कुठं, मंडई कुठं. गुगल मॅपवर दिसतं त्यापेक्षा हे वेगळं असतं, कारण आता त्यातला बराच भाग तुमच्या पायांना माहीत झालेला असतो. उतरलात की स्वारगेट जवळच. आपल्या बाजूची एसटी पकडा आणि घरी फोन करून सांगा, ‘‘निघालोय.’’

खिशाचा हिशोब

येताना रेल्वे, जाताना एसटी, एक मेट्रो, शनिवारवाड्याचे २५ रुपये, मिसळ आणि दोन चहा. एवढं धरलं तरी पाचशेतले पैसे उरतात. उरलेल्या पैशांत अप्पा बळवंत चौकातून एखादं जुनं पुस्तक घ्या किंवा केळकर संग्रहालय करा. पैसे वाचवायचे तर तीन गोष्टी पाळा. पाणी घरून भरून न्या, रिक्षा फक्त पाऊस किंवा आजारपण असेल तरच करा आणि चौघं-पाचजण मिळून जा. आणि हो, जाण्याआधी प्रत्येक ठिकाणची वेळ आणि सुट्टीचा दिवस बघून घ्या. बंद दरवाज्याचा फोटो काढून परत येणं हे सगळ्यात महागात पडतं.

मुक्कामाची सोय असेल तर

शहराची खरी मजा संध्याकाळी सुरू होते आणि आपली शेवटची गाडीही त्याच वेळी असते. गावाकडच्या पोरांची अडचण तिकिटाची कमी आणि रात्रीच्या परतीची जास्त असते. त्यावर उपाय जुनाच, मावशी! पुण्यात मावशी, आत्या नाहीतर कॉट बेसिसवर राहणारा मित्र प्रत्येकाचा असतोच. जाताना पाच किलो कांदे न्या, कुणी नाही म्हणणार नाही.

मग वर्षाचं कॅलेंडर असं लावा. एप्रिल-मे मध्ये वसंत व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केलेली आणि आजही ऐकायला मोफत. पावसाळ्यात पुरुषोत्तम करंडक. १९६३ पासून चालत आलेली ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरत नाट्य मंदिरात होते, आणि स्टेजवर तुमच्याच वयाची पोरं असतात. त्यांचा आरडाओरडा, त्यांच्या घोषणा, पडदा पडल्यावरचं रडणं-हसणं बघितलं की ‘आपल्या कॉलेजची टीम का नाही?’ हा प्रश्न डोक्यात शिरतोच. गणपतीत पेठांतले देखावे. डिसेंबरात भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव. खुर्चीपेक्षा भारतीय बैठकीचं तिकीट बरंच स्वस्त असतं आणि मांडी घालून बसायची सवय तर आपल्याला हरिपाठापासून आहेच. शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही म्हणून घाबरू नका. शेजारी बसलेल्यांतल्या अनेकांनाही सुरुवातीला कळत नव्हतं.

आपल्यातले बरेच जण उद्या नोकरीसाठी, क्लाससाठी पुण्यातच जाणार आहेत. खोली भाड्यानं घेणार, मेसचा डबा खाणार, शनिवार-रविवारी मॉलच्या एस्केलेटरवर वर-खाली करणार आणि दहा वर्षांनीही म्हणणार, ‘हे शहर काही आपलं वाटत नाही.’ शहर आपलं वाटायला तिथं फ्लॅट असावा लागत नाही. ते घडवायला आपल्याकडची माणसं होती, हे माहीत असावं लागतं. एकानं तिथं न्याय दिला, एकीनं तिथं शाळा काढली, एकानं पाणी खुलं केलं. त्यांची घरं, त्यांच्या जागा बघायला तिकीट नाही, आणि जिथं आहे तिथं २५ रुपये आहे.

तर पुढच्या वेळी फॉर्म भरायला किंवा सीईटीला पुण्याला जाल, तेव्हा परतीची गाडी दोन तास उशिराची धरा. मेट्रोनं मंडईला उतरा. डावी-उजवी विचारत गंज पेठ गाठा आणि त्या कमी उंचीच्या दारातून वाकून आत जा. आत कुणी भेटलं आणि विचारलं, ‘‘कुठले तुम्ही?’’ तर आवाज जरा मोठा करून सांगा, ‘‘खंडाळा तालुका. नायगावच्या शेजारचे!’’